ताक प्यायलेली माती

बेव्हर्ली पार्कात नवीन राहायला आलो तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला होता. आत आरती ऐन रंगात आलेली, आणि बाहेर चपलांच्या ढिगापाशी एक गृहस्थ उकिडवे बसून चहाच्या चमच्याने लोकांच्या चपलांचे तळवे खरवडत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा, शेजारी प्लास्टिकच्या चिमुकल्या पिशव्या मांडलेल्या. चप्पलचोर एवढा नीटनेटका असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?" मी दारातून जरा आवाज चढवूनच विचारलं.

"ही कोल्हापुरी कुणाची?"

"माझ्या दिरांची. का?"

"कुठून आलेत?"

"नाशिकहून. द्राक्षाच्या मळ्यातून थेट आलेत. पण तुम्हाला काय करायचंय?"

"वा!" म्हणाले. "मळ्यातली माती आपल्या पायाने चालत दारात आली." आणि पिशवीला गाठ मारून, हात धुऊन, निवांत प्रसादाला आत आले. शिरा दोनदा मागून घेतला.

हे आमचे टिपणीस सर. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दाराचे. सर म्हणून ते शाळेत शिकवायचे असं नाही. उभं आयुष्य एका कीटकनाशकाच्या कंपनीत काढलं. कंपनी औषध बनवायची, आणि त्या औषधाने मातीतले जिवाणू किती मरतात हे मोजायचं काम सरांचं. पुढे कंपनीला वाटलं की हे मोजलं नाही तर बरं पडेल. विभाग बंद झाला आणि सर घरी आले. येताना भंगारात निघालेलं रंग मोजायचं एक यंत्र विकत घेऊन आले. ते आता त्यांच्या दिवाणखान्यात, लोक टीव्ही ठेवतात त्या जागी, मानाने बसलंय. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारत नाही, पण मला वाटतं मुलगी बघायला गेले असतील आणि तिथेही सवयीचा प्रश्न तोंडातून निघाला असेल.

तो प्रश्न म्हणजे, "कंट्रोल कुठाय?"

सोसायटीत एव्हाना लहान पोरंसुद्धा हे म्हणतात. याचा अर्थ मला लिफ्टमध्ये समजला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मेहताबेन सांगत होत्या, "नवा तेल लगाया, घुटना एकदम फर्स्ट क्लास." सरांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "दोनों घुटनों को लगाया?" "हां, दोनों को." "मग कंट्रोल कुठाय? एक घुटना वैसाच रखना था ना! आता कसं कळणार तेलाने बरा झाला की आपोआप?" मेहताबेन आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे अशा बघत राहिल्या की मला हसू आवरेना. कंट्रोल म्हणजे ज्याला औषध दिलंय त्याच्या शेजारी, ज्याला काहीच दिलेलं नाही असा एक जोडीदार ठेवायचा. मगच तोंड उघडायचं. माझ्या मुलाच्या क्लासवाल्याने गेटवर केवढा तरी बोर्ड लावला, आमची सगळी मुलं पास म्हणून. सर त्याला जाऊन विचारून आले, क्लास न लावलेली किती पास झाली? तो क्लासवाला अजून सरांना बघून रस्ता बदलतो.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे सगळ्यांची बोलणी खायला बसवलेली बाई. त्यातली निम्मी सरांपायी. बागेत फवारणी करायला एक पेस्ट कंट्रोलवाला यायचा. म्हणायचा, हर्बल आहे, मुंगीलाही धक्का लागत नाही. मग मारतोस कशाला, असं मी विचारणार होते, पण सरांचा पारा माझ्या आधी चढला. पुढच्या मीटिंगला ते काचेच्या दोन नळ्या घेऊन आले. एकीत लालभडक पाणी, दुसरीत फिक्कट गुलाबी.

त्याचं असं आहे. सरांकडे एक पांढरी पूड असते. ती पाण्यात विरघळवून मातीत घालायची, आणि ती नळी उबेला, अंधारात ठेवून द्यायची. मातीतले जिवाणू जिवंत असतील, श्वास घेत असतील, तर त्या बिनरंगी पाण्याला लाल करून टाकतात. जेवढे जास्त जिवंत, तेवढा लाल. विषाने मेले असतील तर पाणी पांढरंच्या पांढरं. मला तर हे ऐकून अंगावर काटा आला होता. मूठभर मातीत एवढा जीव असतो, आणि तो 'मी आहे' असं रंग दाखवून सांगतो!

पण कमिटीला कसला काटा! आमचे खजिनदार उशिरा आले, घामाघूम झालेले, आणि समोर दिसलं ते कोकम सरबत समजून त्यांनी लाल नळी उचलली. सर एवढ्या जोरात ओरडले की वॉचमन यादव काठी घेऊन वर धावत आला. फवारणी बंद करायचा ठराव त्या गडबडीतच एकमताने पास झाला.

आता खरी गंमत पुढे. पंधरवड्याने सरांनी स्वतःच बोर्डावर कागद लावला. मराठीत आणि खाली हिंदीत. मजकूर असा, की फवारलेल्या मातीची माझी नळी खिडकीपाशी राहिल्याने तिला ऊब कमी मिळाली, त्यामुळे फवारणीमुळे जेवढं नुकसान मी सांगितलं तेवढं झालेलं नसावं, फेरतपासणी करतोय, पेस्ट कंट्रोलवाल्यांची क्षमा मागतो. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो सर, जिंकलेली केस कोण उघडून बसतं?"

"वहिनी, मी जिंकलो नव्हतो. नळी थंड पडली होती."

फेरतपासणीतही औषध वाईटच निघालं, पण जरा कमी वाईट. सरांनी तेही लावलं. असला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वैताग येतो, पण खोटं एक अक्षर बोलणार नाही.

म्हणून तर चेण्याचे जनू पाटील त्यांच्याकडे आले. घोडबंदर रोडला, चेणे गावात त्यांची वाडवडिलांची जमीन. पूर्वी भात पिकायचं. मग त्यांनी ती भाजीवाल्याला कसायला दिली, आणि त्याने मापाबिपाचा विचार न करता बाटलीच्या बाटली औषध ओतलं. भाजीवाला गेला, पण पुढे जनूभाऊंनी भेंडी लावली तर ती धड उगवेचना. त्यांच्या भावाच्या डोक्यात वेगळंच. शेजारच्या लॉनवाल्याला लग्नाचे मांडव घालायला जमीन हवीच होती.

"भाव बोलतो, मेल्याली माती हाय, देऊन टाक," जनूभाऊ माझ्यादेखत सरांच्या दारात सांगत होते. "मी बोललो, सरांना इचारल्याबिगर न्हाय. सर, तुमी फक्त सांगा, जित्ती हाय का मेली. मेली असली तं मी गप बसतो. पन जित्ती असली तं मी तिच्यावर काँक्रीट न्हाय पडू देनार."

भाऊ दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता.

सर दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून चेण्याला गेले आणि गोणीतून माती घेऊन आले. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुंड्यांची रांग लागली. काही कुंड्यांत बांधापलीकडची माती, जिला औषधाचा थेंब लागला नव्हता. हे अर्थात कंट्रोल. काहींमध्ये मधल्या वावरातली, औषध प्यालेली. त्यांना सरांनी लाल खूण केली. सगळ्यांना तेवढंच पाणी, तेवढीच ऊन-सावली, आणि दर रविवारी नळ्या भरून रंग मोजायचा. मधली माती आपली आपण सावरतेय का, एवढं बघायचं होतं. सरांनी मला सेक्रेटरी म्हणून बजावलं, "वहिनी, कुंड्यांना कुणी हात लावता कामा नये. एका माणसाची जमीन आहे त्यात."

पहिल्या रविवारी लाल खुणेच्या कुंड्यांच्या नळ्या पांढऱ्याफटक. सर लिफ्टमध्ये भेटले तेव्हा घरातलं कुणी दवाखान्यात असावं असा चेहरा. माझ्याबरोबर आई होत्या, माझ्या सासूबाई. सर म्हणाले, "तीन कुंड्या फार आजारी आहेत हो. पोटात विष गेलंय. काही पचतच नाहीये त्यांना."

आईंबद्दल सांगायला हवं. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आई बोलायच्याच बंद झाल्या होत्या. भांडण नाही, रुसवा नाही. जेवता का, तर हं. बाहेर येता का, तर नको. डॉक्टर झाले, भजनी मंडळ झालं, नवा टीव्ही झाला. मी ऑफिसातून आल्यावर दिवसभराचं सगळं त्यांना सांगायची, हसवायला बघायची, आणि त्या माझ्याकडे बघत नुसत्या बसायच्या. स्वयंपाकघरात जाऊन मी किती वेळा डोळे पुसले असतील.

दुसऱ्या रविवारी सर नळी नाचवत आमच्या दारात! "वहिनी, उठले! आजारी उठले! गुलाबी आलंय!" असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. म्हटलं, जनूभाऊंना फोन करा की. तर लगेच सावध झाले. "छे, एवढ्यात नाही. परत मोजतो." त्यानंतर मात्र ते जरा गप्पगप्पच दिसायला लागले. मी म्हटलं, असेल काही आकडेमोड.

आणि मग एका गुरुवारी मी तब्येत बरी नाही म्हणून लवकर घरी आले, तर आई घरात नाहीत! माझा जीव खालीवर. यादव म्हणाला, "माताजी तो रोज ऊपर जाती हैं, लोटा लेके." मी धापा टाकत गच्चीवर. दारातूनच दिसलं. आई लाल खुणेच्या कुंडीपाशी वाकून तांब्यातून ताक घालत होत्या. आंबट ताक! आम्ही कढीपत्त्याला घालतो ना, चांगला फुटावा म्हणून, तसं. आजारी म्हटल्यावर, पोट बिघडलंय म्हटल्यावर, माझ्या सासूबाईंनी साऱ्या घरादाराला जे औषध आयुष्यभर दिलं तेच मातीला सुरू केलं होतं. आणि कंट्रोलच्या कुंड्यांना थेंब नाही. त्या बऱ्या होत्या ना!

मी पावलं न वाजवता खाली आले. ताकात केवढे जिवाणू! तो गुलाबी रंग त्यांचा होता, जनूभाऊंच्या मातीचा नव्हताच. रविवारी जनूभाऊ उत्तर घ्यायला येणार होते. सर सांगणार जिवंत आहे, आणि तो माणूस भावाशी वैर घेऊन मेलेल्या जमिनीत राबणार. आणि सरांना कुणी सांगायचं? मीच, दुसरं कोण! नको ती कामं करायलाच तर मला सेक्रेटरी केलंय.

सरांचं दार वाजवलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. ताक, तांब्या, कढीपत्ता, सगळं. वर म्हटलं, "आईंच्या वतीने मी माफी मागते, पण रविवारी जनूभाऊंना काही सांगू नका."

सर शांतपणे म्हणाले, "आत या. चप्पल काढू नका, तळवा नंतर बघतो."

त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. आत शॉवरच्या खाली, नळाखाली, बादलीच्या जागी, सगळीकडे कुंड्या. तीच रांग, त्याच लाल खुणा.

"नवी माती आणली चेण्याहून. इथे कुणी येत नाही," म्हणाले. "निकाल यांच्यावरून सांगणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनी, ताकाचा वास मला येणार नाही? आयुष्य गेलं माती हुंगण्यात. मी नळी नाचवत आलो होतो ना तुमच्याकडे, त्याच संध्याकाळी कळलं."

"मग आंघोळ कुठे करता तुम्ही?"

"टॉयलेटमध्ये बादली घेऊन. जागा कमी पडते, पण मी तरी कुठे मोठा आहे?"

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण आईंना थांबवायचं की! एक शब्द टाकला असतात तर—"

सर कुंडीवरचा एक खडा उगाच इकडचा तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "थांबवायलाच गेलो होतो. टाकीमागे दबा धरून बसलो, चोर पकडायला. त्या आल्या. ताक घातलं. आणि मग बोलायला लागल्या."

"कोण? आई?"

"कुंडीशी. चांगल्या अर्धा तास बोलल्या."

वर्ष झालं होतं मला आईंचं एक सबंध वाक्य ऐकून.

"काय बोलतात?" मी विचारलं.

"ते मी सांगायचं नाही. त्यांनी मला कुठे सांगितलंय?" सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून ती रांग तशीच ठेवली. ताक बंद करा म्हटलं असतं तर त्या वर आल्याच नसत्या."

"आणि तुम्ही? चोर सापडल्यावर पुन्हा नाही ना गेलात टाकीमागे?"

सर एकदम लाजले. एवढा साठी उलटून गेलेला माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. "रोज जातो," म्हणाले. "वाईट सवय आहे, कळतं मला. पण या घरात, वहिनी, माझ्याशिवाय दुसरा आवाजच नाही. दुसरं कुणी बोलत असलं की बरं वाटतं. विषय कुठलाही असो."

मी तिथून निघाले ती थेट माझ्या घरात जाऊन दार लावून रडले. आईंसाठी रडले की सरांसाठी, देव जाणे.

रविवारी जनूभाऊ आले. बरोबर भाऊही आला होता, हाताची घडी घालून. सरांनी बाथरूमच्या कुंड्यांतल्या मातीच्या नळ्या टेबलावर मांडल्या. कंट्रोलची लालभडक. दुसरी अगदी फिकी, पण पांढरी नव्हे. आधीच्या आठवड्याची तिच्याहूनही फिकी.

"मेलेली नाही," सर म्हणाले. "आजारी आहे, आणि हळूहळू सावरतेय. यंदा त्यात भाजी लावू नका, निराश व्हाल. ताग लावा आणि फुलावर आला की मातीत गाडा. पुढच्या वर्षी मी पुन्हा मोजीन. मात्र खात्री मागू नका. आज जेवढं दिसतंय तेवढंच सांगतो."

"म्हंजे जित्ती हाय," जनूभाऊ म्हणाले. एवढंच त्यांनी धरून ठेवलं. भावाने ती फिकी नळी उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "ह्या एवढ्याशा रंगावर वरीसभर थांबू?" जनूभाऊ म्हणाले, "थांबू." भावाने नळी जपून टेबलावर परत ठेवली. जाताना सरांनी दोघांच्या बुटांची माती मात्र काढून घेतली.

काम संपलं तशी मेहताबेनची तक्रार आली. त्यांना गच्चीवर पापड वाळवायचे होते. "अब तो हो गया ना सर का? गमला हटाओ ने!" नियमाने बरोबर होतं त्यांचं. मी ऑफिसातून लवकर निघून बघायला म्हणून वर गेले आणि जिन्याच्या दाराशीच थबकले. आईंचा आवाज येत होता. खणखणीत, अगदी पूर्वीसारखा.

"सून गुणी आहे हो माझी," आई लाल खुणेच्या कुंडीला सांगत होत्या. "पण बोलते फार! मी तोंड उघडेपर्यंत तिचं ऑफिसातलं निम्मं पुराण सांगून झालेलं असतं. हे असते ना, तर आम्ही दोघं हसलो असतो खूप."

मी तोंडावर हात दाबून धरला.

"आणि काय गं," आईंनी आवाज जरा चढवला, "ते टाकीमागे बसतात ना रोज, त्यांना सांग, तिथे डास फार आहेत. काल किती खाजवत होते. म्हणावं, मला पहिल्या दिवसापासून दिसताय. लपायचं तर चपला तरी आत ओढून घ्याव्या माणसाने. इकडे समोर येऊन बसा. आज मी सगळं ताक कुंडीला नाही घातलेलं."

टाकीमागे काही हललं नाही. मग एक चप्पल पुढे आली, मग दुसरी, आणि मग टिपणीस सर, खाली मान घालून, शाळेत पकडलेल्या मुलासारखे. आईंनी पदराखालून स्टीलचा पेला काढला आणि तांब्यातलं उरलेलं ताक त्यात ओतलं. सर उकिडवे बसले. एक घोट घेतला. चष्मा सावरून पेल्यात बघितलं. आता हे कंट्रोलबिंट्रोल काहीतरी काढतात, म्हणून मी जिन्यातच दात-ओठ खाल्ले.

"मीठ जरा कमी आहे," सर हळूच म्हणाले.

"मग बोलायचं ना इतके दिवस!" आई म्हणाल्या. "उद्या जास्त घालीन. बसा. सांगते तुम्हाला, आमचे हे एकदा काशीगावला जत्रेत हरवले होते..."

मी खाली आले आणि मेहताबेनना सांगितलं, पापड आमच्या बाल्कनीत वाळत घाला, कुंड्या हलणार नाहीत.